शेंग हाय का, ते सांग

बेकरीच्या पायरीवर नऊवारीतली जैन बाई दिसली की ती काय विचारणार, हे कोल्हापुरातल्या प्रत्येक बेकरीवाल्याला पाठ होतं. त्यामुळे अक्का पायरी चढायच्या आतच गल्ल्यावरचा माणूस हात हलवून सांगायचा, “न्हाई हो अक्का, अंडं अजिबात न्हाई. बिनघोर न्या.”

त्यावर अक्का आत भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसालासुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, “अंड्याचं असू दे बाजूला. शेंग हाय का, ते सांग.”

मी त्यांच्या मागं उभी असायचे. पावसाळा असला तर छत्रीआड, नसला तर पदराआड. गिऱ्हाइकं आधी अक्कांकडं बघायची, मग त्यांच्या पाठीशी लपलेल्या माझ्याकडं. धरणीनं पोटात घ्यावं असं जे म्हणतात, ते मला त्या काळात दर आठवड्याला वाटायचं.

दुष्काळात रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायची ते दिवस. मी कोकणातून कोल्हापुरात मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले होते आणि शुक्रवार पेठेत अक्कांच्या घरातली वरची खोली भाड्यानं घेतली होती. अक्का पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, हाडापेरानं दणकट. यजमान शिरोळकडं मळ्यावर राहायचे, बाजाराच्या दिवशी येऊन जायचे. मुलगा आणि सून वारणानगरला कारखान्याच्या कॉलनीत. घरात अक्का एकट्या, आणि चार माणसांच्या वाटणीचं बोलणं त्या एकट्याच बोलायच्या.

खोली देताना त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “कोकणातली म्हंजे तू मासं खाणार. ह्या घरात मासं न्हाई, अंडं न्हाई. खायाचं असलं तर भाईर खा. आनि खाल्लीस तर सांग. तोंड हाय न्हवं?”

‘तोंड हाय न्हवं’ हे त्यांचं पालुपद होतं. जगातल्या निम्म्या भानगडी माणसं वेळेवर तोंड उघडत नाहीत म्हणून होतात, असं त्यांचं ठाम मत. पोस्टमननं पत्र चुकीच्या घरात टाकलं, तोंड हाय न्हवं, विचारायचं. शेजारणीची सून माहेरी निघून गेली, तोंड हाय न्हवं, आधी बोलायचं. त्या स्वतः कुणाला कधीही काहीही विचारत आणि कुणालाही काहीही सांगत.

त्यांच्या पाण्याची गोष्ट पेठेत सगळ्यांना ठाऊक होती. जैन घरात पाणी गाळून घेतात आणि फडक्यात राहिलेले बारीक जीव जिथलं पाणी तिथंच परत नेऊन सोडतात. विहिरीचं पाणी होतं तोवर सगळं ठीक होतं. नळ आला आणि अक्कांपुढं पेच पडला. नळात परत कसं सोडायचं? पाणी सोडायला येणाऱ्या माणसाला त्यांनी रस्त्यात गाठलं. “पानी आनतोस कुठनं?” तो बिचारा म्हणाला, “नदीतनं.” झालं. दुसऱ्या दिवसापासून दारावरून घाटाकडं निघालेल्या प्रत्येकाच्या हातात एक तांब्या. “जातूयास न्हवं नदीला? एवढं सोडून ये. पन हळू, वतू नको, सोड.” आंघोळीला निघालेले म्हातारे, कपडे धुवायला निघालेल्या बाया, कुणी सुटायचं नाही. एकदा तर दहाव्याला निघालेल्या माणसांच्या हातात त्यांनी तांब्या दिला आणि त्या माणसांनी तो नेलाही.

आणि शेंगा. यजमान मळ्यावरून येताना शेंगांचं पोतं आणायचे. ओसरीत पोत्यावर पोतं. दारात आलेल्या माणसाला मूठभर भाजलेल्या शेंगा दिल्याशिवाय अक्का हलू देत नसत. स्वयंपाकात कांदा नाही, लसूण नाही, त्यामुळे सगळी चव शेंगदाण्याच्या कुटावर. भाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट आणि सगळ्याला घाण्याचं शेंगतेल. त्या घराच्या भिंतींनासुद्धा शेंगदाण्याचा वास होता.

आणि मला शेंगदाणा चालत नाही. लहानपणापासून. एखादा दाणा जरी पोटात गेला तरी ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास लागतो. आमच्याकडं सगळं नारळावर भागायचं म्हणून मी मोठी झाले. आईनं मात्र बजावून ठेवलं होतं, “आवडत नाही म्हणायचं. चालत नाही असं कुणापुढं बोलायचं नाही. मुलीत खोट आहे म्हणतील, कुठं जुळायचं नाही.” मला त्या गोष्टीची इतकी लाज वाटायची की शाळेत सहलीला मुली चिक्की वाटत आल्या की मी पोट दुखतंय म्हणून लांब जाऊन बसायचे.

तेव्हा अक्कांनी पहिल्याच दिवशी शेंगांची मूठ पुढं केली आणि मी म्हणाले, “आवडत नाहीत.”

“आवडत न्हाईत म्हंजे? आमच्या मळ्यातल्या हायत.”

“तरी पण नाही आवडत.”

अक्कांना ते लागलं. शेंग नाकारली म्हणजे मळा नाकारला, यजमानांचे कष्ट नाकारले, सगळं घर नाकारलं. रोज काहीतरी टोमणा यायचा. कोकणातली माणसं नाकानं जेवतात. पगार आला की जीभ वाकडी होते. मी हसून वेळ मारून न्यायचे.

मग एका रविवारी त्यांनी मला जेवायला खाली बोलावलं. “दोडक्याची भाजी केलीया. तुपात केलीया. शेंग घातली न्हाई, घाबरू नको.” मी बसले. भाजी छान झाली होती, तसं मी म्हटलंही. अक्का समोर उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या आणि हसू दाबत होत्या. पोराच्या पोटात नको असलेलं काही घालायचं तर ते लपवून घालायचं, त्यानं खाल्लं की टाळी वाजवून सांगायचं आणि त्याची खोड मोडायची, ही त्या घरातली रीत होती. त्यांनी मुलाची कारल्याची खोड तशीच मोडली होती. त्यांनी चमचाभर कूट अगदी पीठ करून भाजीत घातलं होतं.

“खाल्लीस का न्हाईस!” असं म्हणून त्यांनी टाळी वाजवली आणि त्याच वेळी माझ्या हातातला घास खाली पडला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. अक्कांनी मला उचललं. रिक्षात मी त्यांच्या मांडीवर होते. दवाखान्यात डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं, काय खाल्लं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तेव्हा अक्का म्हणाल्या, “शेंगदानं. म्या घातलं. मुद्दाम घातलं. तिला न सांगता.”

तिथं बाकावर बसलेले रोगी, कंपाउंडर, सगळ्यांनी वळून बघितलं. सुई टोचून झाल्यावर डॉक्टरांनी अक्कांना बाजूला घेतलं नाही, सगळ्यांदेखतच सांगितलं, “आणखी थोडा उशीर झाला असता तर ह्यांना घरी नेता आलं नसतं. पुन्हा कणभरसुद्धा पोटात जाता कामा नये. समजलं का?”

अक्का माझ्या पायाशी बसल्या. मग खाली बघत म्हणाल्या, “आवडत न्हाई म्हनलीस. चालत न्हाई म्हनायचं हुतंस. तोंड…” आणि थांबल्या. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्यानंतर पोस्टमनला, शेजारणींना, सगळ्यांना त्या ते म्हणत राहिल्या, पण मला नाही.

दुसऱ्या दिवशी ओसरीतली पोती मळ्यावर परत गेली. यजमानांना त्यांनी दारातच सांगितलं, “घरात शेंग आनायची न्हाई.” पण तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. पाट्यावर कूट, वरवंट्यावर कूट, कढईत शेंगतेल. “जन्मभर ह्या हातानं कूट केलंय,” त्या म्हणाल्या. “किती घासलं तरी जायाचं न्हाई. माझ्या हातचं तू खायाचं न्हाईस.” मी म्हटलं, पाणी तरी? तर म्हणाल्या, पाणीपण तुझं तू घे. मी सुट्टीला गावी निघाले की हातावर दही घालायला त्या शेजारच्या काकूंना बोलवायच्या आणि स्वतः उंबऱ्याआत उभ्या राहायच्या, हात पदरात गुंडाळून. ते हात बघितले की मला दोघींची लाज वाटायची.

मी स्टोव्हवर वरणभात करून घ्यायचे. पण शाळा सकाळची, डबा व्हायचा नाही, मधल्या सुट्टीत मी नुसता चहा पिऊन बसायचे. हळूहळू माझे गाल बसले. अक्कांच्या नजरेतून ते सुटलं नाही. “बाजारचं काय चालतंय का बघू या,” त्या म्हणाल्या. उभ्या जन्मात ज्या बाईनं बेकरीचं तोंड बघितलं नव्हतं ती बाई पायात चपला सरकवून निघाली.

एका दुकानात नानकटाई होती. “शेंग हाय का?” “न्हाई.” अक्कांनी एक फोडली, बोटांत चुरली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, “कूट घातलंयस. मैदा वाचवायला.” दुसऱ्या दुकानात केकवर हिरवं काहीतरी पेरलेलं होतं. पिस्ता म्हणाले. अक्कांनी चिमटीत धरलं. “रंग दिल्यालं शेंगदानं.” तिसऱ्या दुकानात खारी होती, साधी, डालड्यातली. मी मनात म्हटलं, सुटलो. तेवढ्यात अक्का सरळ आत भट्टीपर्यंत गेल्या आणि पत्र्यावर फिरवायचं एक काळंमिच्च फडकं हातात घेऊन बाहेर आल्या. “मग हे कशात भिजीवलंय?” ज्या पत्र्यांवर खारी, पाव, बिस्किटं भाजायची ते सगळे पत्रे शेंगतेलाच्या फडक्यानं पुसायचे, हे आम्हाला तेव्हा कळलं.

त्या दिवशी दुकानात माझ्या वर्गातल्या मुली पाव घ्यायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी फळ्याकडं तोंड करून लिहीत असताना मागच्या बाकावरून कुणीतरी जाड आवाजात म्हणालं, “शेंग हाय का, ते सांग,” आणि वर्ग फुटला. मी घरी येऊन रडले. “अक्का, तुम्ही काय वाटेल ते करा, पण माझं नाव घेऊ नका. कुणालाही सांगू नका. हात जोडते.”

“बरं,” अक्का म्हणाल्या. “न्हाई सांगत.”

गंगावेशीजवळ एका चाचांची बेकरी होती. त्यांना अक्कांनी विचारलं तेव्हा ते गल्ल्यावरून उठून आले. “अक्का, खोटं कशाला बोलू? सगळ्या पत्र्यास्नी शेंगतेलच लागतंय. शेंग लागली न्हाई असं माज्याकडं काय बी न्हाई.” अक्का तिथंच पायरीवर बसल्या. इतक्या दुकानांत सरळ उत्तर देणारा हा पहिला माणूस.

तेव्हा दिवाळीला, मे महिन्यात लोक आपापला रवा, मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचे आणि नानकटाई भाजून आणायचे. चाचा म्हणाले, “माल तुमचा आना. पत्रा बी तुमचाच आना. भट्टी पेटली की पैला तुमचा लावतो, फडकं हातात घ्यायच्या आधी.”

अक्कांनी जस्ताचं काम करणाऱ्याकडून कोरा पत्रा करून घेतला. त्याचा एक कोपरा ओळखीसाठी वाकवला. बेकरीत तो वेगळ्या खिळ्यावर, पांढऱ्या कपड्यात बांधून टांगलेला असायचा आणि पोरं त्याला हात लावायची नाहीत. मैदा त्या नवं पोतं समोर फोडून घ्यायच्या, कारण दुकानदाराचं माप शेंगदाण्यांत फिरलेलं असायचं. पीठ चाचा मळायचे, हात धुऊन, अक्कांच्या डोळ्यांदेखत. अक्का स्वतः कशालाही हात लावत नसत. पायरीवर बसून त्या नुसत्या बघायच्या आणि डबा भरला की पदरानं धरून घरी आणायच्या. ती नानकटाई आणि रव्याची बिस्किटं खाऊन मी शाळेत उभी राहायला लागले.

पेठ लहान. जैनांच्या देवळाला, बस्तीला जाणाऱ्या बायकांनी अक्कांना बेकरीच्या पायरीवर बघितलं. एकीनं विचारलं, “अक्का, बेकरीतनं डबं आनतायसा म्हनं?” अक्का म्हणाल्या, “व्हय, आनतो.” कुणासाठी, का, एक अक्षर नाही. मी जिन्यात उभी राहून ते ऐकलं. कुणाच्याही पोटातलं बाहेर काढणारी ती बाई माझ्यासाठी तोंड मिटून उभी होती. बायकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. अक्का म्हातारपणी अंड्याचं खायला लागल्या.

त्या वर्षी चातुर्मासाला एक मुनिमहाराज आले. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच जेवतात, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत. सकाळी ते निघाले की घराघरांपुढं माणसं कलश घेऊन उभी राहतात, या म्हणून विनवतात. ज्या घरी ते थांबतील त्या घरच्यांनी आपल्या हातानं त्यांच्या ओंजळीत घास घालायचा. अक्का दरवर्षी दारात उभ्या असायच्या, सगळ्यांत आधी, नवं लुगडं नेसून. त्या वर्षी त्यांचं दार अर्धवट लोटलेलं राहिलं. मुनी समोरून गेले. अक्का आत माजघरात बसून होत्या. मी शेजारच्या काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “अंड्याचं खानाऱ्या हातानं आहार कसा देतील त्या?”

मला तोंड दाखवायची लाज वाटली. शाळा सुटल्यावर मी घरी गेलेच नाही, तडक बस्तीत गेले. बाहेरच्या कट्ट्यावर बायका तांदूळ निवडत होत्या. मी चपला काढल्या आणि उभ्या उभ्या म्हणाले, “मला शेंगदाणा चालत नाही. खाल्ला तर माझा जीव जातो. बेकरीतला डबा माझा असतो. अक्कांनी त्यातला कणसुद्धा तोंडात घातलेला नाही.” आयुष्यात पहिल्यांदा मी ते मोठ्यानं बोलले. आई म्हणायची ती खोट मी आता पेठभर केली होती.

एका म्हाताऱ्या बाईंनी सूप खाली ठेवलं. “असं हाय व्हय! मग अक्का बोलल्या का न्हाईत? आनि बाई, कोन काय बी बोललं असंल, पन त्यास्नी येऊ नका असं कुनी म्हनल्यालं न्हाई. त्याच दार लावून बसल्यात.”

मी घरी आले. अक्का दिवेलागणीच्या आधीचं जेवण उरकून भांडी घासत होत्या. मी बस्तीत काय केलं ते सांगितलं. मला वाटलं, आता मोकळ्या होतील. त्या घासतच राहिल्या.

“त्या काय म्हनत्यात त्याचं मला काय न्हाई गं,” शेवटी त्या म्हणाल्या. “आहार देताना म्हनाय लागतंय. मन शुद्ध हाय, वचन शुद्ध हाय, काया शुद्ध हाय, आहार शुद्ध हाय. महाराजांच्या म्होरं उभं राहून म्हनाय लागतंय. मी तुला म्हनलो, शेंग घातली न्हाई. आनि घातली हुती. आता कुठल्या तोंडानं म्हनू?”

माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग नव्हता, कधीच नव्हता, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुझं खरं असंल. पन ह्ये तुझ्या हातात न्हाई.”

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं, रत्नागिरीकडं. ठरायच्या आधी मी त्या लोकांना स्वतःच सांगितलं, बस्तीत सांगितलं होतं तसंच. आईनं कपाळावर हात मारला. मुलाकडची माणसं नुसती म्हणाली, बरं, नाही घालणार.

निघायच्या दिवशी रिक्षा दारात आली, ट्रंक चढली. दही घालायला शेजारच्या काकू आल्या. मी त्यांना म्हटलं, “काकू, राहू दे,” आणि पाटावर बसून अक्कांपुढं ओंजळ केली. “तुम्ही घाला.”

“न्हाई.”

“मग मी जात नाही.”

अक्कांनी पदरात गुंडाळलेले हात सोडवले. मग आत गेल्या. हात धुतल्याचा आवाज आला, पुन्हा आला, पुन्हा आला. देव्हाऱ्याच्या कोपऱ्यातून त्यांनी एक वाटी आणली, कोरी, दुकानाची चिठ्ठी अजून बुडाला चिकटलेली होती. आत दही लागलेलं होतं. आदल्या दिवशीच त्यांनी विरजण लावून ठेवलं होतं आणि मी विचारते का, ह्याची वाट बघत बसल्या होत्या.

त्या माझ्यासमोर ताठ उभ्या राहिल्या. पदर सावरला. “मन शुद्ध हाय,” त्या म्हणाल्या. “हात शुद्ध हाय. आहार शुद्ध हाय.” आणि माझ्या ओंजळीत दही घातलं.

मी खाल्लं. उठायला लागले तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं. “थांब. बघू दे.” आणि त्या जमिनीवर माझ्यापुढं बसल्या, माझ्या ओठांकडं बघत.

बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता. “बाई, यष्टी जाईल की!”

“जाऊ दे,” अक्का नजर न काढता म्हणाल्या.

यष्टी गेली. काकू केव्हाच घरी गेल्या होत्या. रिक्षावाला ट्रंक ओसरीत टाकून दुसरं गिऱ्हाईक बघायला निघून गेला. अक्का तशाच बसून होत्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलासुद्धा त्यांनी हात हलवला नाही. शेवटी म्हणाल्या,

“काय हुतंय काय? सांग की. तोंड हाय न्हवं?”

“काही होत नाही, अक्का,” मी म्हणाले आणि पुन्हा ओंजळ पुढं केली. “अजून थोडं घाला.”